विजेच्या सळईने औषधकोठी न उघडिल्याची हकीकत

॥ कुलस्वामिनी साक्ष. ज्यांस आपले दार उघडता येत नाही त्यांस ती सुबुद्धी देवो ॥ शके १९४१, विकारी नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध दशमी. एक राज्य होते. नाव सांगावे ऐसे कृत्य त्याने केले नाही, सबब सांगत नाही. ते दिवशी राणी उमाऊसाहेबांस कळा लागल्या आणि सुईण धोंडाबाई बाळंतपणाचे सामान घ्यावयास औषधकोठीत गेली, तों वाऱ्याने दार लोटले आणि आपोआप लागणारे विलायती कुलूप बसले. आतून उघडण्याची सोय नाही, खिडकीस गज, किल्ली किल्लीदाराच्या कमरेस आणि किल्लीदार सीमोल्लंघनास गेलेला. मग त्यामागे स्वार धाडिले, तेही तिकडेच सोने लुटीत बसले. दार फोडावे, तर ते थोरल्या महाराजांनी कोरविलेले. त्यावर घाव घालील त्याचा हात तोडावा ऐसा कायदा. माणसांपरीस दारांची काळजी बहुत, ऐसे ते राज्य.

मग यंत्राधिपती भिकाजीपंत आले आणि त्यांनी कुलूप उघडण्याची विजेची सळई पालखीतून आणविली. ही मुठीत धरून घोडा दाबावा, म्हणजे पुढील सुई थरथरते आणि कुलुपातील खिळ्या उचलते. सोबत चपटी पट्टी कुलुपात घालून हलके फिरवावी, म्हणजे कुलूप उघडते. पंतांनी घोडा दाबिला. यंत्र गप्प. मग पंत वदले, "बॅटरी उतरली असेल." मग नवी घातली, ती उलटी घातली, मग सुलटी केली आणि यंत्र गुरगुरले. दरबाराने वाहवा केली. कुलूप मात्र हलेना. मग पंतांनी पट्टीवर सारी मर्दुमकी खर्चिली, तों खिळ्या जागीच आवळल्या आणि पट्टी वाकली. आतून धोंडाबाई ओरडली, "आरं मुडद्यांनो, दार फोडा! तिकडं बाईसाहेब एकल्या हायत, पहिलं बाळातपण हाय!" पंत म्हणाले, "बाई, यंत्राचे काम चालू असता बोलू नये." मग दुसरी पट्टी आणिली. तेव्हां खाशा महाराजांची नजर गेली आणि ते विचारते जाहले, "सुईस हा लाल चिखल कसला?" पंतांनी हात जोडिले, "काल खंडेनवमीस पूजा केली, महाराज. तेल, हळद, कुंकू. अक्षताही वाहिल्या, त्यांतील काही घोड्यात शिरल्या असाव्यात." "मग पुसा." "पूजिलेले शस्त्र उत्तरपूजेवाचून पुसता येत नाही." "मग उत्तरपूजा करा." "भटजी सीमोल्लंघनास गेले आहेत, महाराज." महाराजांनी मान डोलाविली. ऐसी मान डोलावण्यास सिंहासन कशास पाहिजे, नंदीबैल पुरता.

इतक्यात दोन दासींच्या आधारे राणीसाहेब आपल्या पायांनी चालत आल्या. चेहरा घामाने भिजलेला, हाती पूजेतली कुऱ्हाड, आणि तिजवरचे कुंकू त्या पदराने पुशीत होत्या. पंत आडवे जाहले आणि म्हणाले, "राणीसाहेब, कायद्याने हात तोडावा लागेल." राणीसाहेब बोलिल्या, "तोडा. पण धोंडाबाईवाचून माझं बाळ कोण झेलणार, ते आधी सांगा. तुम्ही झेलता, पंत?" पंत मागे सरले. मग दरबारही सरला, आणि सरण्यात हे लोक पहिल्यापासून वाकबगार. मग राणीसाहेबांनी कळ आली की थांबावे आणि गेली की घाव घालावा, ऐसे करीत कुलुपाभोवतीची फळी फोडिली, आणि धोंडाबाई बाहेर आली, आणि तेथेच उंबऱ्यापाशी कन्या जन्मली. मायलेकी सुखरूप. लिहिणारासही रडू आले, ते लपवीत नाही.

तात्पर्य, दरबाराने फुटल्या दाराचे सुतक धरिले आणि यंत्राच्या प्रयत्नांस्तव पंतांस शाल दिधली. मग कायद्याप्रमाणे राणीसाहेबांचा हात मागावयास सारे मंडळ गेले. त्या हातावर डोके ठेवून कन्या निजली होती. राणीसाहेब म्हणाल्या, "हिला उठवा आणि हात न्या." कोणाची छाती जाहली नाही. ऐसी हकीकत.