आधी तुम्ही ठेवा!

फोनवर कसं बोलावं, हे अख्ख्या एरंडोल तालुक्यात एकाच माणसाला कळतं, असं लोटन नानांचं ठाम मत होतं. तो माणूस कोण, हे सांगायची गरज नाही! नानांच्या घरी फोन येऊन महिनाही झाला नव्हता. पण तेवढ्यात त्यांनी गल्लीतल्या निम्म्या लोकांना ओट्यावर बसवून फोनची रीतभात शिकवून टाकली होती. अर्ज केल्यापासून फोन यायला इतकी वर्षं लागली होती की विचार करायला वेळ भरपूर मिळाला होता म्हणा!

"फोन म्हंजे काय?" नाना विचारायचे, आणि उत्तराची वाट न पाहता सांगायचे, "फोन म्हंजे पाहुणा! पाहुणा दारात आला की आपण लगेच 'काय काम काढलं?' म्हणतो का? आधी पाणी, मग चहा, मग घरादाराची चौकशी, मग ढोरंवासरं, मग पीकपाणी. कामाचं शेवटी! अन् सगळ्यात मोठी गोष्ट, फोन आपण आधी कधीच ठेवायचा नाही. माणसाच्या तोंडावर दार लावतो का आपण? मग त्याच्या कानावर फोन कसा आपटायचा?"

लोकांना पटायचं. कोणाकडे फोन नव्हताच, त्यामुळे पटायला काही अडचण नव्हती. नाना स्वतः घंटी वाजली की आधी टोपी घालायचे, मग उभे राहायचे आणि मगच रिसीव्हर उचलायचे. त्यांची बायको बेबाबाई आतून म्हणायची, "टोपी काय दिसती का त्याले?" नाना म्हणायचे, "आवाजात येती!"

तर अशा या घरात त्या हिवाळ्यात सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. सून पुष्पा पहिल्या बाळंतपणाला धुळ्याला माहेरी गेली होती. दिवस भरत आले होते आणि बाळ पोटात आडवं आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बेबाबाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मुलगा निंबा वरणगावला कारखान्यात नोकरीला, त्याचंही लक्ष कामात नव्हतं. नाना वरून ताठ होते, पण पद्मालयाच्या गणपतीला गुपचूप नवस बोलून आले होते.

सोमवारी दुपारी फोन वाजला. नानांनी टोपी घातली. पलीकडे पुष्पाचे वडील, धुळ्याचे गिरधर आबा!

"रामराम नाना!"

"रामराम, रामराम आबा! जेवण व्हयनं का?"

"व्हयनं. तुम्हनं?"

"आत्ताच. घरमा बठ्ठा बरा शेतस ना?"

"बठ्ठा बरा शेतस. नाना, मी काय म्हणत होतो..."

"म्हशीनं काय? दूध देस का?"

बेबाबाई स्वयंपाकघराच्या दारातून हातवारे करत होती. पोटावर हात ठेवून दाखवत होती, डोळे मोठे करत होती. नानांनी हातानंच तिला गप्प केलं. सासऱ्यानं उठून सुनेच्या बाळंतपणाची चौकशी करायची, तीही फोनवर! शोभतं का? 'बठ्ठा बरा शेतस', म्हणजे सगळे बरे आहेत, यात सगळं आलं की! मग म्हशीवरून गाडी कपाशीवर आली, कपाशीवरून बोंडअळीवर, बोंडअळीवरून थंडीवर. नाना बोलत होते, आबा 'हो ना, हो ना' करत होते. शेवटी विषय संपले.

"बरं आबा, ठेवा आता."

"छे छे! तुम्ही ठेवा नाना."

"नाही नाही, आधी तुम्ही."

"अहो, मी पोरीना बाप. तुमच्या आधी फोन ठेवू? लोकं थुंकतील माझ्या तोंडावर!"

"आबा, मुलाकडचे म्हणून आम्ही काय शेफारलो का? ठेवा तुम्ही."

"तुम्ही..."

"ठेवा!"

हे किती वेळ चाललं कोणास ठाऊक. मग दोन्हीकडे शांतता पसरली. नाना रिसीव्हर कानाला धरून उभेच! हात अवघडला, पाय भरून आले, पण पलीकडून खट्ट असा आवाज काही येईना. आता काय करावं? फोनवर ठेवला तर व्याह्यांचा अपमान. हातात धरला तर जेवायचं कधी, शेतात जायचं कधी? नानांनी तोड काढली. फोनशेजारच्या गादीवर धुतलेला टॉवेल अंथरला, त्यावर रिसीव्हर अलगद आडवा केला आणि वरून रुमाल पांघरला.

"याले कोणी हात लावायचा नाही," त्यांनी बेबाबाईला बजावलं. "आबांनी ठेवला की मग आपण ठेवू."

"पण पुष्पाचं काय म्हणले ते?"

"बठ्ठा बरा शेतस, म्हणले!"

"म्हंजे अजून मोकळी नाही का झाली?"

"झाली असती तं सांगितलं नसतं का? फोन कशाला आहे मग?"

संध्याकाळी नानांनी रुमाल उचलून रिसीव्हर कानाला लावला. आतून बारीक घुंऽऽ असा आवाज येत होता. नाना चोरपावलांनी मागे सरकले. "आबांचा डोळा लागलेला दिसतो," ते म्हणाले. "घोरतायत."

मंगळवार गेला. फोन वाजला नाही. नाना शेतात गेले नाहीत. गल्लीतले लोक दारावरून जाताना 'नाना, धुळ्याचं काय?' म्हणून विचारायचे आणि नाना 'येईल, येईल फोन' म्हणायचे. पण त्यांचाही आवाज आता बारीक व्हायला लागला होता. बेबाबाई म्हणाली, "येष्टीत बसा अन् जा ना धुळ्याला!"

"बोलावणं नसताना व्याह्याच्या दारात उभं राहू? बाळंतिणीच्या घरी? काय म्हणतील लोकं! अन् मी तिकडे गेलो अन् इकडे फोन वाजला तं टोपी कोण घालील?"

बुधवारी सकाळी दारात निंबा उभा! रजा टाकून आलेला, चेहरा पांढराफटक, दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लावलेली.

"काय झालं ते सांगा!" तो दारातूनच ओरडला. "लपवू नका माझ्यापासून! दोन दिवस फोन लावून राहिलो. इकडे लावला की एंगेज, धुळ्याला लावला की एंगेज! एवढं काय बोलत होते तुम्ही दोघं? पुष्पाला काय झालं?"

बेबाबाईनं हे ऐकलं आणि पदर तोंडाला लावून जी बसली, ती मोठ्यानंच रडायला लागली. तिचा आवाज ऐकून शेजारची वच्छलाबाई धावत आली आणि काय झालं हे न विचारताच तीही रडू लागली. वच्छलाबाईला पाहून आणखी दोघीतिघी आल्या. बघता बघता ओट्यावर माणसं जमली. कोणीतरी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली! आता मात्र नाना दोन्ही हात वर करून पुढे आले.

"अरे थांबा! काही झालं नाही! फोन बिघडलाय फक्त!" ते म्हणाले. "चल निंबा, तक्रार करू."

चौकात वना नावाच्या माणसाचं एसटीडीचं दुकान होतं. दोघं तिकडे निघाले आणि मागून निम्मी गल्ली. काचेच्या खोक्यात नाना आणि निंबा कसेबसे मावले. वनानं तक्रारीचा नंबर लावून दिला. नानांनी टोपी सारखी केली.

"बोला, नंबर सांगा," पलीकडून एक बाई म्हणाल्या.

"नमस्कार ताई! जेवण झालं का?"

खट्ट!

नानांनी रिसीव्हर कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. "ठेवला! माझ्या आधी ठेवला!"

"नाना, नुसता नंबर सांगायचा!" निंबा दातओठ खात म्हणाला.

पुन्हा लावला. "नंबर सांगा."

"सांगतो ना ताई. आपलं गाव कोणतं? घरी सगळे..."

खट्ट!

बाहेरून लोक काचेला नाकं लावून बघत होते. निंबानं बापाचे पाय धरायचेच तेवढे बाकी ठेवले. तिसऱ्यांदा फोन लागला, तेव्हा पलीकडच्या बाईंना खोकल्याची उबळ आली. नानांना राहवेना.

"ताई, सर्दी छातीत गेलीय तुमच्या. रात्री गरम दुधात हळद घ्या, अन् डोक्याला रुमाल बांधून झोपा. पंख्याखाली बसवलंय का तुम्हाला?"

या वेळी खट्ट झालं नाही. मग बाई म्हणाल्या, "हो ना हो! अगदी डोक्यावर पंखा! डिसेंबर महिना, आणि साहेबांना उकडतं! सकाळपासून शंभर माणसांनी शिव्या दिल्या, पण सर्दीचं विचारणारे तुम्ही पहिलेच. बोला काका, काय तक्रार आहे?"

नानांनी निंबाकडे असं पाहिलं, की बघ! शिक! मग त्यांनी नंबर सांगितला.

"फोन मुका झालाय ताई. वाजतच नाही."

"रिसीव्हर नीट ठेवलाय ना?"

"म्हंजे काय! अगदी मानानं ठेवलाय!"

"मानानं? कुठं ठेवलाय?"

"गादीवर. खाली धुतलेला टॉवेल आहे. वर रुमाल पांघरलाय, थंडी आहे ना!"

बाई पुन्हा खोकल्या. की हसल्या? "काका, गादीवर? फोनवर का नाही ठेवला?"

"कसा ठेवणार? पलीकडे व्याही आहेत. त्यांनी अजून ठेवला नाही."

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

निंबानं कपाळावर हात मारून घेतला. काचेच्या खोक्यात तो आवाज चांगलाच घुमला. मग त्यानं बापाच्या हातून रिसीव्हर ओढला आणि धुळ्याचा नंबर सांगितला. "बाई, हा नंबर बघा हो. माझी बायको तिथं बाळंतपणाला आहे. बाळ आडवं आहे म्हणत होते. दोन दिवस काही कळत नाही. पाया पडतो तुमच्या!"

"थांबा हं दादा, घाबरू नका." बाईंचा आवाज एकदम बदलला. जरा वेळानं त्या परत आल्या. "धुळ्याला विचारलं मी. तिथल्या लाइनमनला, उखर्डूला, आत्ता तुमच्या सासरी पाठवताहेत. तिथला रिसीव्हरही खालीच आहे."

निंबाच्या हातातल्या रिसीव्हरला कान लावून नानांनी हे ऐकलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "म्हंजे आबांनी अजून ठेवला नाही! दोन दिवस झाले तरी! याला म्हणतात खानदान!"

"काका," बाई म्हणाल्या, "आता घरी जा आणि रिसीव्हर उचलून फोनवर ठेवा."

"आबांच्या आधी?"

"हो, आधी! लगेच!"

"ताई, हे पाप..."

"माझ्या माथी! ठेवा!"

मिरवणूक परत घरी आली. नानांनी रुमाल दूर केला. "आबा, माफी असावी," असं म्हणून त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी उचलला, आणि निंबानं तो त्यांच्या हातून हिसकावून फोनवर ठेवला. सगळे वाट बघत बसले. बेबाबाईनं देवापाशी दिवा लावला. वच्छलाबाईनं पदराचं टोक दातात धरलं. निंबा नुसता फोनकडे बघत होता आणि त्याचा गुडघा थरथरत होता. नानांना वाटलं, पोरगं लहानपणी तापात असंच थरथरायचं. आपलं काही चुकलं तर नाही ना, असा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदाच येऊन गेला.

आणि फोन वाजला!

नाना टोपी शोधायला लागले. "ठेव तुझी टोपी चुलीत!" बेबाबाई ओरडली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती नानांना अरेतुरे कधी बोलली नव्हती! "काही विचारू नका! फक्त पुष्पाचं विचारा!"

नानांनी बोडक्या डोक्यानं फोन उचलला.

"रामराम नाना! जेवण व्हयनं..."

"आबा, पुष्पा कशी शे?" नानांनी विचारून टाकलं. आवाज फुटला होता, पण विचारलं.

"पुष्पा बरी शे, नाना! नात व्हयनी तुमले! दोन्ही खुशाल शेतस!"

"नात झाली!" नाना ओरडले. "नात! दोघी खुशाल!"

निंबा भिंतीला टेकला आणि घसरत घसरत खाली बसला. तो हसत होता की रडत होता, त्याचं त्यालाच कळत नव्हतं. बेबाबाईनं गुळाची आख्खी ढेप आणून फोडायला घेतली. ज्या माणसानं टोपी काढून हातात धरली होती त्यानं ती परत डोक्यावर घातली आणि सगळ्यात आधी गुळाला हात घातला. दोन दिवस घरावर बसलेला दगड कोणीतरी उचलून फेकून दिल्यासारखं झालं. नानांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. गुळाच्या गलक्यात त्यांचं बोलणं आता कोणालाच ऐकू जात नव्हतं.

"आबा, मोठं काम झालं! कधी व्हयनी?"

"सोमवारी. पहाटे."

नानांचं हसू जागच्या जागी थांबलं. "सोमवारी? अहो, सोमवारी दुपारी तं तुमचा फोन आला होता!"

"हाऊ ना! तेच सांगाले तं करेल व्हता! पण तुम्ही म्हैसनं विचारं. मंग कपाशीनं विचारं. मंग बोंडअळीनं. तुम्हनं चालू व्हतं, मी मधमा कसा बोलू? म्हटलं, नानासनं झालं की सांगू. तं तुम्ही 'ठेवा, ठेवा' करू लागनात. म्हटलं, नानासले घाई दिसस!"

नानांनी हळूच मागे वळून पाहिलं. निंबा, बेबाबाई, वच्छलाबाई, सगळी गल्ली त्यांच्याकडेच बघत होती, प्रत्येकाच्या तोंडात गुळाचा खडा.

"अहो, कधी झाली ते विचारा की!" बेबाबाई म्हणाली.

नानांनी रिसीव्हरवर हात ठेवला.

"अगं, सगळं एकदम कसं विचारायचं?" ते म्हणाले. "फोनवर बरं दिसतं का ते!"