तिसऱ्या प्रकरणातला बाप

दातांच्या डॉक्टरांनी लेकीची कादंबरी वाचायला घेतली ती निव्वळ नाइलाजाने. तिचा उजवा सुळा जरा पुढे आला होता, आणि जेवताना ते एवढंच म्हणाले होते, "तारा लावून टाकू." "मुळीच नाही. मला आवडतो तो," असं म्हणून ती जी उठली, ती बोलायचीच बंद झाली. बापाला काही सांगायचं तर आईमार्फत. आणि सुळ्याचं हे कौतुक आलं होतं त्या जाडजूड कादंबरीतून. तिच्यात व्हँपायर होते, पऱ्या होत्या आणि व्हँपायरांच्या छातीत खुंट्या ठोकणारी एक शाळकरी शिकारीण होती.

(डॉक्टरांनी याआधी वाचलेलं शेवटचं पुस्तक म्हणजे दवाखान्यातल्या खुर्चीची माहितीपुस्तिका. तीही अर्धीच.)

नाक मुरडत सुरू केलेलं वाचन दुसऱ्या दिवशी दवाखान्यातही सुटेना. एका मास्तरांच्या दाढेला इंजेक्शन देऊन, ती बधिर होईपर्यंत म्हणून त्यांनी पुस्तक उघडलं. मुखपृष्ठावर दोन सुळे होते, त्यांवरून रक्त ठिबकत होतं. खुर्चीत आडवे पडलेले मास्तर नेमकं तेच बघत होते.

"मानेतूनच घ्यायला हवं," डॉक्टर पानात डोकं घालून पुटपुटले.

"काय घ्यायला हवं?" मास्तरांनी अर्ध्या तोंडाने विचारलं.

"रक्त हो! पण एवढं गेल्यावर माणूस उरतो कुठे?"

मास्तर गळ्यातल्या फडक्यासकट पळाले ते थेट समोरच्या दवाखान्यात.

संध्याकाळी डॉक्टर लेकीच्या दाराशी पुस्तक घेऊन उभे राहिले. "एक विचारू? त्या शिकारणीच्या बापाला तिसऱ्याच प्रकरणात का मारलं? चांगला होता बिचारा."

लेकीने चमकून वर पाहिलं. "तू वाचलंस?"

"परीच्या फितुरीपर्यंत आलोय. पण बापाचं सांग ना."

"अरे बाबा, तो जिवंत असता तर तिला अंधार पडल्यावर बाहेर सोडलं असतं का? मग गोष्ट पुढे कशी जाणार?"

डॉक्टर आत येऊन तिच्या पलंगाच्या कडेला टेकले. बाप बाजूला झाल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही, हे त्यांना पटलं आणि लागलंही. तरी लेक बोलत होती, हातवारे करून बोलत होती, आणि हसताना तिचा तो सुळा दिसत होता. खरं म्हणजे छानच दिसत होता. तारांचा विषय त्यांच्या जिभेवर आला होता, तो त्यांनी तसाच गिळला. भरल्या घरात इतके दिवस आपल्याला किती एकटं वाटत होतं, हे त्यांना आत्ता कळलं.

त्यांचा पडलेला चेहरा बघून तिला दया आली असावी. "दुसऱ्या भागात परत येतो तो."

"खरंच?" डॉक्टर सरसावून बसले.

"हो. व्हँपायर होऊन. ती धावत जाऊन मिठी मारते त्याला."

"मग?"

"मग खुंटी. इलाजच नसतो, बाबा."

डॉक्टरांनी हातातलं पुस्तक मिटलं. "शेवटचं काही बोलत नाही तिच्याशी?"

"बोलणार असतो. पण तो 'हे बघ बाळा' म्हणतो न म्हणतो तोच ती ठोकून टाकते. उगाच लांबलं असतं ना ते!"