पुष्पाकाकूंचं बीजगणित

उत्तर बरोबर आलं की तोंड उतरणारी विद्यार्थिनी मी उभ्या आयुष्यात एकच पाहिली, ती म्हणजे आमच्या पुष्पाकाकू. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, सत्तरीकडे झुकलेल्या. अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या शेजारी एकट्याच राहतात. मी दहावीच्या शिकवण्या घेतो. एके दिवशी त्या खुर्ची ओढून माझ्या पुढ्यात बसल्या.

"सर, मले बीजगणित शिकवा."

"आता काहून, काकू?"

"रिकामं बसून गुडघे दुखून राहिले."

गुडघ्यांवर हा उपाय कोणी सांगितला, हे मी विचारलं नाही. नर्सशी वाद घालू नये.

त्यांच्या लेखी प्रत्येक समीकरण म्हणजे पेशंट. क्षची किंमत निघाली की "गेला घरी" म्हणायच्या आणि सुस्कारा सोडायच्या. दोन ओळींत सुटणाऱ्या गणितांचा तर त्यांना रागच. "याले भरती तरी काहून केलं?" बरं, डोकं तल्लख. वर्गसमीकरणं माझ्या पोट्ट्यांच्या आधी त्यांना यायला लागली. मी मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटत होतो. मग एका दुपारी त्या म्हणाल्या, "सर, आता चुकाचं कसं थे शिकवा."

"चुकाले शिकवा लागते? माहे पोट्टे थे घरूनच शिकून येतात."

"तसं नाई. चिन्ह चुकलं त सई लगेच पकडते. सापडाले टाइम लागन, अशी एखादी लांब चूक सांगा."

सई म्हणजे त्यांची पुण्यातली नात. फोनवर "जेवलीस का आजी?" एवढं विचारून झालं की दोघींचंही बोलणं संपायचं. एकदा काकूंनी तिच्या पुस्तकातलं गणित चुकीचं सोडवून सांगितलं, तर पोरगी हट्टाने शिकवायलाच बसली. आई जेवायला हाका मारत होती तरी उठली नाही.

"अन् बरोबर आलं त 'व्हेरी गुड आजी' म्हणते, नि ठेवून देते."

मला हसू आलं आणि लगेच गेलं. मी कागद ओढला, एक वर्गसमीकरण मांडलं आणि अवयव पाडताना अशी चूक पेरली की शेवटी ताळा घेईपर्यंत कोणाच्या बापाला दिसू नये. काकूंनी चष्मा पुसून ओळ न् ओळ तपासली.

"इतवारी फोन असते तिचा," त्या म्हणाल्या. "अर्धा तास पुरन हे."