संदर्भ विभागातून बोलतोय

उत्तरेश्वर बीडहून प्रशिक्षण आटोपून परतला, तेव्हा वाचनालयाच्या दारात कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. आत शिरायला जेमतेम एका माणसापुरती वाट उरली होती. पलीकडून गौसियाचा आवाज आला, "काका, आडवं होऊन या. चेअरमनसाहेबांनी आणून टाकल्यात."

गौसिया ही कय्युम मिस्त्रींची मुलगी, वाचनालयातली सहायक. तिने सगळं सांगितलं. कवठदऱ्याचं वाचनालय सेवा सोसायटीच्या इमारतीत होतं. एका खोलीत सोसायटी, शेजारच्या खोलीत पुस्तकं. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. गावाबाहेर जनावरांची छावणी उघडली होती आणि चारा ठेवायला जागा हवी होती. सोसायटीचे चेअरमन मोहनराव येऊन म्हणाले होते, "शुक्रवारपर्यंत खोली मोकळी करा. नाहीतरी तिथं येतंय कोण?"

बोलणं झोंबणारं होतं, पण खोटं नव्हतं. वाचनालयात कुणी येत नसे, याला कारण खुद्द उत्तरेश्वर होता. कुणी काहीही मागितलं की तो वर न बघता "न्हाई" म्हणायचा. ते पुस्तक असलं तरी म्हणायचा. उठायचे श्रम वाचायचे.

बीडला प्रशिक्षण देणाऱ्या देशमानेबाईंनी नेमकं याच्यावरच बोट ठेवलं होतं. संदर्भ सेवा म्हणजे काय हे समजावताना त्यांनी एक नाटुकलं करायला लावलं. चकलांब्याचा एक ग्रंथपाल वाचक झाला आणि उत्तरेश्वर ग्रंथपाल. वाचकाने तोंड उघडायच्या आधीच उत्तरेश्वरच्या तोंडून सवयीने "न्हाई" निघालं. सगळा हॉल हसला. देशमानेबाई मात्र हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "नाव उत्तरेश्वर, आणि उत्तर एकच?"

एसटीत येताना रस्ताभर ते वाक्य त्याच्या शेजारी बसून होतं. बाईंनी सांगितलेलं त्याने पाठ करून टाकलं. वाचकाला नाही म्हणायचं नाही. वाचक मागतो एक आणि त्याला हवं असतं दुसरंच, म्हणून कशासाठी हवं ते विचारायचं. आणि आपल्याकडे उत्तर नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला गाठायचं.

"आता हे शिकून काय उपयोग?" गौसिया म्हणाली. "शुक्रवारी कडबा येऊन बसंल इथं."

"शुक्रवार लांब हाय," उत्तरेश्वर म्हणाला. "तवर वाचनालयच हाय हे. तुझ्या अब्बांकडं रंग असंल ना?"

गौसियाने गॅरेजमधून लाल रंग आणला आणि खिडकीच्या वर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'संदर्भ विभाग'. वाचनालयाची मोठी पाटी पेंढ्यांमागे गेलीच होती. रस्त्यावरून आता तेवढीच लाल अक्षरांची ओळ दिसायची.

पहिल्या आल्या सारजाबाई. काखेत रिकामी घागर होती.

"भाऊ, आपल्या गावाला यायच्या रस्त्याचा नकाशा हाय का?"

उत्तरेश्वरचं तोंड 'न' म्हणायला उघडलं. गौसियाने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. त्याने तो 'न' गिळला. "कशासाठी पायजे, मावशी?"

"टँकरच्या डायवरला द्यायचाय."

"त्याला कशाला?"

"त्यो रस्ता चुकतोय म्हनं. चेअरमनसाहेब सांगत व्हते. कावून टँकर येईना म्हनून इचारलं, तर म्हनले डायवर नवा हाय, वाट सापडत न्हाई त्याला. म्हनलं आपन नकाशा द्यावा."

उत्तरेश्वर आणि गौसियाने एकमेकांकडे बघितलं. देशमानेबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं होतं. सारजाबाईंना नकाशा नको होता. टँकर कुठे जातो, हे हवं होतं.

"बसा मावशी," उत्तरेश्वर म्हणाला. "उत्तर घेऊनच जावा."

फोन सोसायटीच्या खोलीत होता. चेअरमन बागेत गेलेले होते. उत्तरेश्वरने तहसीलचा नंबर फिरवला आणि देशमानेबाईंनी शिकवलं होतं तसं, घसा साफ करून, शुद्ध बोलायचा प्रयत्न केला.

"नमस्कार. संदर्भ विभागातून बोलतोय."

पलीकडे आश्रुबा नावाचा कारकून होता. सरकारी कागदावर विषयाच्या खाली 'संदर्भ' असतो आणि संदर्भ मोठा असला की काम अंगावर येतं, एवढं त्याला नोकरीने शिकवलं होतं. असा अख्खा विभागच असेल याची मात्र त्याला कल्पना नव्हती. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"बोला साहेब. कुठल्या संदर्भात?"

"कवठदऱ्याच्या टँकरच्या. तो गावात येत नाही. मग कुठे जातो, असं सारजाबाईंनी विचारलंय."

"मॅडमनी स्वतः?"

"हो. स्वतः."

"कधीपर्यंत माहिती द्यायची, साहेब?"

"त्या इथेच बसून आहेत."

आश्रुबाचा आवाज एकदम बारीक झाला. "तुमचा नंबर सांगून ठेवा साहेब. मॅडमना म्हणावं, लगेच बघतो."

उत्तरेश्वरने नंबर दिला आणि फोन ठेवला. सरकारी माणसं किती चांगली असतात, आपण उगीच नावं ठेवतो, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. रस्ता न चुकता आला. ड्रायव्हरने भांग पाडला होता. गावच्या विहिरीत पाणी सोडून त्याने कागद काढला आणि म्हणाला, "सारजा मॅडमची सही पायजे." सारजाबाईंनी घागर खाली ठेवली, पदराला हात पुसला आणि सावकाश सही केली. ड्रायव्हरने त्यांना नमस्कार केला. अख्खं गाव बघत होतं.

दुपारपर्यंत खिडकीपुढे रांग लागली. कुणाला छावणीत पेंड कधी येणार ते हवं होतं, कुणाला साखर कारखान्याची ऊसतोडीची टोळी कधी निघणार ते, कुणाला बैलाच्या खुराचं औषध. उत्तरेश्वर प्रत्येकाला "कशासाठी?" विचारत होता, गौसिया पुस्तकं काढत होती, आणि जे पुस्तकात नव्हतं त्यासाठी तो फोन करत होता. एवढं बोलणं त्याने आयुष्यात केलं नव्हतं. घसा बसला, पण मजा येत होती.

गुरुवारी मात्र फोन उलट आला, आणि तो मोहनरावांनी उचलला.

"संदर्भ विभाग का?" पलीकडून आश्रुबा म्हणाला.

"इथं असला विभाग न्हाई. कोन पायजे?"

"असं कसं? नंबर तर हाच दिलाय. निरोप द्या त्यांना. टँकरच्या डायवरचा जबाब झालाय. पाणी कुणाच्या मोसंबीच्या बागेत सोडलं, कुणाच्या सांगण्यावरून सोडलं, सगळं लिहून दिलंय त्यानं. नायब तहसीलदार साहेब स्वतः घेऊन निघालेत. सारजा मॅडम दौऱ्यावर तिथंच हायेत ना?"

मोहनरावांनी फोन ठेवला, तो दुसऱ्या खेपेला जागेवर बसला. मोसंबीची बाग गावात एकाचीच होती. एवढं मोठं खातं गावात येऊन बसलं, एक मॅडमही उतरल्या, आणि चेअरमनला पत्ता नाही. विचारायचं तरी कुणाला? आणि गेल्या चार दिवसांत सगळं गाव ज्याला विचारत होतं, त्याच्याकडे त्यांचे पाय आपोआप वळले. पेंढ्यांमधून तेही आडवे होऊन खिडकीपुढे आले.

"उत्तरेश्वर, हा संदर्भ विभाग काय असतोय रे?"

साधा प्रश्न होता आणि उत्तर त्यांच्या डोक्यावरच रंगवलेलं होतं. पण नियम तो नियम. उत्तरेश्वरने विचारलं, "माहिती कशासाठी पायजे, साहेब?"

"असंच."

वाचकाला तोडायचं नसतं, मान हलवत राहायचं असतं. उत्तरेश्वरने मान हलवली.

"म्हंजे समजा," मोहनराव म्हणाले, "एखाद्यानं टँकरच्या चार खेपा आपल्या बागेत घेतल्या. पैका कमवायला न्हाई. झाडं डोळ्यासमोर वाळायलीत, बघवत न्हाई मानसाला. तर हा विभाग त्याचं काय करतोय?"

"समजा म्हंजे तुमी का?"

"हळू बोल."

हळू बोलून उपयोग नव्हता. मागे रांग होती आणि रांगेत सारजाबाई होत्या. चेअरमन कशाला घाबरलेत ते उत्तरेश्वरला आता नीट समजलं. पण चुकीचं उत्तर द्यायचं नाही हेही तो शिकला होता. "साहेब, संदर्भ विभाग म्हंजे ही खिडकी. मी आन् गौसिया. दुसरं कुणी न्हाई."

मोहनरावांनी वर पाहिलं. अक्षरं वाचली. चेहऱ्यावर आधी सुटकेचा भाव आला, मग संताप. "आन् मॅडम?"

"ही काय, मी," मागून सारजाबाई म्हणाल्या.

मोहनराव तोंड उघडणार तोच बाहेर जीप थांबली. नायब तहसीलदार हातात कागद घेऊन उतरले. कडबा, लाल अक्षरं आणि घागरी घेऊन उभी असलेली रांग बघून ते जरा थबकले. "हा विभाग कुठल्या खात्याकडे येतो?"

उत्तरेश्वर उठून उभा राहिला. "साहेब, हे वाचनालय हाय. पाटी पेंढ्यांमागं गेलीय. मावशींनी टँकरचं विचारलं, आमच्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून तुम्हाला विचारलं."

"आणि सारजा मॅडम?"

"मॅडम बिडम न्हाई, साहेब," सारजाबाई पुढे झाल्या. "पर इचारलं व्हतं मीच. पानी कुठं गेलं ते सांगा की."

साहेबांनी बाईंकडे बघितलं, घागरीकडे बघितलं, मग सगळ्या रांगेकडे. गैरसमज झाला असं म्हणून परत जावं, तर उद्या गाव म्हणणार, मॅडम असत्या तर सांगितलं असतं. त्यांनी कागदाची घडी उलगडली. "उत्तर द्यायलाच आलोय. तर ड्रायव्हरचा जबाब असा आहे की..."

"साहेब," मोहनराव मधे घुसले. घामाने त्यांची टोपी ओली झाली होती. "ह्यो विभाग आमच्या सोसायटीनंच सुरू केलाय. लोकांची सोय म्हणून. जागा दिलीय आमी, कायमची. आन् टँकर आजपासून रोज विहिरीवरच उतरंल, माझा शब्द. ते वाचायचं काय गरज न्हाई."

साहेबांनी सारजाबाईंकडे बघितलं. "चालेल का, बाई?"

"कडबा कधी निघंल?" सारजाबाईंनी विचारलं. "आत यायला आडवं व्हावं लागतंय."

"आत्ताच," मोहनराव म्हणाले, आणि पहिली पेंढी त्यांनी स्वतः उचलली. साहेबांनी कागद सारजाबाईंच्या हातात दिला. टँकर चुकलाच, तर वाचून घ्या म्हणाले.

शुक्रवार आला आणि गेला. पुस्तकं जागेवर राहिली. फोनसुद्धा वाचनालयाच्या खिडकीत आला, कारण मोहनरावांना आता तो उचलायचा धीर होत नव्हता. पुढच्या आठवड्यात तो वाजला, तेव्हा खिडकीपुढे नेहमीसारखी गर्दी होती.

"संदर्भ विभाग का?" आश्रुबा अजिजीने विचारत होता. "आमच्या साहेबांना एक माहिती पायजे. आमचा दुसरा टँकर सकाळपासून सापडंना. तुमाला काई कळतंय का, कुठं हाय?"

उत्तरेश्वरने फोन कानाशी धरूनच रांगेकडे पाहिलं. सगळ्यांत पुढे मोहनराव टोपी हातात घेऊन उभे होते. थोड्या पाण्यात मोसंबी कशी जगवायची, त्याचं पुस्तक गौसिया त्यांच्यासाठी काढत होती.

"सांगतो की," उत्तरेश्वर म्हणाला. "पर जरा थांबा. तुमच्या आधी चेअरमनसाहेबांचा नंबर हाय."