बत्ताशा सरदाराने अन्न सोडिले त्याची हकीकत

कुलस्वामिनी साक्ष. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. दोन खोल्या आणि एक ओटा इतुके राज्य, त्यात वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले, शोभा आणिली नाही.

राणीसाहेब कुसुमावती कैलासवासी जाहल्या आणि मागे राजे राहिले आणि बत्ताशा नामे सरदार राहिला. सरदार म्हणजे गावठी कुत्रा, अंगे पांढरा, वयाने वृद्ध. पिलू असता राणीसाहेबांनी गटारातून काढून आणिला आणि हाताने वाढविला. त्याचे स्नान, गोचिडी, लस, जंतांचे औषध हा सर्व कारभार त्यांजकडे, राजियांनी त्यात कधी लक्ष घातले नाही. मग राणीसाहेब गेल्या आणि सरदाराने अन्न सोडिले. ताटली भरावी तो नुसती हुंगावी, राजियांच्या तोंडाकडे पाहावे आणि उंबऱ्याशी जाऊन पडावे. बरगड्या दिसो लागल्या. राजे मनी भ्याले, की तिच्या हातचे जिवंत एवढेच उरले, तेही चालले.

मग मसलत जाहली. शेजारच्या गोदाबाई, ज्यांचे घरी राजे दोन्ही वेळ जेवीत, त्या बोलिल्या, "पेढा द्या हो भाऊजी. पेढ्याला कोण नाही म्हणतंय?" राजियांनी पेढा दिधला. सरदाराने तोंड फिरविले. मग राजियांनी त्यास रिक्षात घालून जनावरांचे वैद्य डॉक्टर तांबोळी यांजकडे नेले आणि वैद्यांनी दात पाहिले, पोट दाबिले, रक्त तपासिले आणि बोलिले, "ताप नाही, जंत नाहीत. मूत्रपिंडं थकलीत, पण ते जुनंच आहे. खायला काय देताय?"

"पेढा."

"पेढा! मग उद्या कांदाभजी द्या! अहो काका, कांदा, लसूण, द्राक्षं, चॉकलेट हे त्याला विष आहे. मऊ भात, दुधी, उकडलेली कोंबडी द्यायची. मीठ अजिबात नाही. काकू बोलल्या नव्हत्या?"

"बोलली असेल. मी पेपर वाचत असेन."

वैद्यांनी सरदाराच्या बरगड्यांवरून हात फिरविला. मग हळूच पुसिले, "तुम्ही जेवता कुठं?"

"शेजारी. घरात घास उतरत नाही."

"मग हा कसा खाणार? काकू हसून सांगायच्या, आमच्याकडं आधी हे जेवतात, मग बत्ताशा, मग मी. पिलू असल्यापासून तीच शिस्त. तो तुमच्या ताटाची वाट बघतोय, काका."

राजे घरी आले आणि गॅस पेटविला आणि एकच पातेले भात आणि दुधी शिजविला, बुडी करपला. ताटलीत वाढिला, ताटात वाढिला आणि राजे भुईवर बैसले. घास घेतला तो गिळवेना. सरदार उभा राहून पाहात होता. राजियांनी डोळे मिटून घास गिळिला. तेव्हा सरदाराने मान खाली घातली आणि ताटली चाटून पुसून संपविली. राजे म्हणाले, "खा रे बाबा." आणि मग सरदार स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बैसला, कारण तिसरे पान व्हावयाचे होते. तो तैसाच बैसून राहिला. राजियांनी करपले पातेले घासावयास घेतले.

सारांश, सरदार वाचला. राजेही वाचले म्हणावे लागते. दोघांचा भात एकाच पातेल्यात होतो, अळणी. मिठाची बरणी राणीसाहेबांनी कोठे ठेविली हे राजियांस ठाऊक नाही, आणि पुसावे ऐसे कोणी नाही.