उष्ट्या हळदीचा डबा

आमच्या वारज्याच्या सोसायटीत कुणाचं लग्न ठरलं, की शरदकाका पितळी डबा चिंचेनं घासायला बसत.

नवऱ्या मुलाला लावून उरलेली उष्टी हळद नवरीकडे पोचवायची असते. हे काम काकांनी आपण होऊन अंगावर घेतलेलं. बँकेतून निवृत्त, बिनलग्नाचे, डोक्याला हेल्मेट, स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये डबा. सिग्नलला मागून कुणी हॉर्न वाजवला की म्हणत, "घाई तुम्हाला आहे की मला? इथे हळद वाळतेय!" नवरीकडे चहासुद्धा घेत नसत. "डबा रिकामा झाला, आमचं काम संपलं."

माझ्या मुलाची हळद हॉलवर होती, दोन्हीकडची एकत्र. सगळे पिवळ्या कपड्यांत, वर दोन फोटोग्राफर. काकांना मी पाहुणे म्हणून बोलावलं, ते डबा घेऊन आले. अंगात जुन्या हळदींचे डाग पडलेला सदरा.

मुलगा कानाशी लागला, "बाबा, फोटोत हे नको ना, प्लीज."

नवरी अजून यायची होती. मी डब्यात हळद भरली आणि म्हणालो, "काका, तिची हळद खराडीला घरीच आहे. न्याल ना?"

"हा काय प्रश्न झाला? पत्ता सांगा!"

ते परतले तेव्हा सून स्टेजवर पिवळीधमक होऊन नाचत होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

व्याह्यांनी काकांना विचारलं, "अहो, आपण होता कुठे?"

मी तोंड उघडायच्या आत काकाच म्हणाले, "ऐकण्यात घोळ झाला. खराडीत घरच सापडेना. वय झालं आता."

व्याही हसले. मीही हसलो.

परवा विहीणबाईंनी सहज सांगितलं, "हळदीच्या दिवशी कुणी आजोबा आमच्या बंद दारापाशी तासभर बसले होते म्हणे. मांडीवर डबा. शेजारणीनं पाणी दिलं, तर म्हणाले, आधी मुलगी येऊ दे."

म्हणजे घर सापडलं होतं.

काल जिना चढून त्यांच्याकडे गेलो. "काका, त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं…"

"बसा हो. सूनबाई काय म्हणतेय?"

फळीवर डबा होता. झाकण बाजूला, आत हळद वाळून भेगाळलेली.

"हा घासला नाहीत?" मी कसंबसं विचारलं.

"रिकामा कुठे झालाय अजून?" काका म्हणाले, आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेले.