गाडी कोणी चालवली?

जे लिहून ठेवलेलं नाही ते घडलेलंच नाही, हे आधुनिक वैद्यकाचं आद्य तत्त्व आहे. माणूस पडतो, मोडतो, कळवळतो, ते सगळं ठीक. पण नोंद नसेल तर तो आपला उगाचच कळवळला. म्हणून इस्पितळाच्या तातडीच्या विभागात डॉक्टरांच्या मागे चाकांच्या टेबलावर संगणक घेऊन एक लेखनिक उभा असतो. उत्तर मिनेसोटातल्या आमच्या गावी हे थोर पद मिळवायला मी निघाले होते. दोन शनिवार सराव, तिसऱ्या शनिवारी परीक्षा, वीसपैकी सोळा गुण हवेत. (नोकरी मिळाली, असं मी शाळेत आधीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. त्यामुळे नापास होण्याची सोय नव्हती.)

लेखनिकाचे नियम तीन. खोलीत जे बोललं जाईल ते सगळं लिहायचं. स्वतः बोलायचं नाही. स्वतःचं मत घालायचं नाही. थोडक्यात, लेखनिक म्हणजे कान असलेलं कपाट. मी पंधरा दिवसांत तीनशे शब्द पाठ केले. इथे कुणाला घाम येत नाही, 'डायफोरेसिस' होतो. (ऐकूनच अंग कोरडं पडतं.) पण सगळ्यांत लाडका शब्द अगदी साधा आहे: 'नाकारतो'. पोट दुखत नाही असं कुणी म्हणालं की लिहायचं, 'रुग्ण पोटदुखी नाकारतो'. जणू चोरीच केली आहे.

आमची माणसं तर या शब्दासाठीच जन्मली आहेत. दुखणं शून्य ते दहापैकी किती, असं दोन शनिवारांत एक्केचाळीस जणांना विचारलं गेलं. अडतीस जण म्हणाले, "दोन." उरलेल्यांत एक झोपला होता, एक शिकागोचा होता आणि एक चार वर्षांचा होता, त्याला अजून वळण लागायचं होतं. एकाच्या कानातून माशाचा गळ आरपार गेला होता. तोही म्हणाला, "दोन. पण मासा झकास होता."

परीक्षा घेणारे डॉ. पालोमारेस अकरा दिवसांपूर्वी ॲरिझोनाहून आलेले. तिकडे म्हणे लोकांना दुखलं की ते दुखतंय म्हणतात. (ऐकून मला लाजल्यासारखं झालं.)

परीक्षेच्या दुपारी व्हर्नर लुंडक्विस्ट आले. वय चौऱ्याहत्तर, धंदा दुधाचा. सोबत बायको, आर्लिस.

"छातीत दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे."

"दम लागतो?"

"चाललंय आपलं."

"मग आलात कशासाठी?"

"हिला गावात यायचं होतं."

आर्लिसबाई जॅकेटची चेन वरखाली करत छताकडे बघून म्हणाल्या, "जेवताना ह्यानं ट्रकची किल्ली माझ्या हातात दिली. इथवर मीच चालवत आणलं."

"वा, छान! रस्ते कोरडे होते ना?" डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पित्त असावं. घरी सोडतोय असं लिही."

मी टाइप करायची थांबले. ह्यांच्या लग्नाला बावन्न वर्षं झालेली, आणि इतक्या मुरलेल्या नवऱ्यानं बायकोला किल्ली देऊन स्वतः बाजूच्या सीटवर बसल्याच्या घटना आमच्या तालुक्यात आजवर तीन. तिघांच्याही मयतीनंतरची हॅम सँडविच मी खाल्ली आहेत.

पण बोलले तर नापास. मी लिहिलं: 'रुग्ण सर्व काही नाकारतो. गाडी पत्नीने चालवली.' मत शून्य. अक्षराच्या आकाराबद्दल मात्र नियमांत चकार शब्द नाही. म्हणून दुसरं वाक्य मी बहात्तर आकारात केलं. त्यानंतर माझं चाकांचं टेबल संगणकाच्या पडद्यासकट आपोआप दाराकडे वळलं. (चाकांना मत नसावं, असाही नियम नाही.)

बाहेरून मॅव्हिस चालली होती. ती इथली नर्स, नोकरीला एकतीस वर्षं, हातात अर्धं खाल्लेलं अंड्याचं सँडविच. ती थबकली.

"आर्लिस, गाडी तू चालवलीस?"

"अगं, पार घरापासून."

"आणि हा बाजूला बसला? गप्प?"

"वळणावरसुद्धा गप्प!"

"अगं बाई!" मॅव्हिसनं सँडविच डॉक्टरांच्या हातात कोंबलं. "सरका तिकडे! ईसीजी काढा, आत्ता!"

"मॅव्हिस, उगाच तमाशा नको," व्हर्नर म्हणाले.

"तू तर बोलूच नकोस. बावन्न वर्षांत जे बोलायचं ते बोलला नाहीस!"

कागदावर जे डोंगर उमटले ते मीसुद्धा ओळखले, पुस्तकाचं पान चौसष्ट. हृदयविकाराचा झटका. चाळीस मिनिटांत त्यांना शहरातल्या मोठ्या इस्पितळात न्यायला हेलिकॉप्टर आलं. पट्ट्यांनी बांधलेले व्हर्नर म्हणाले, "एवढं कशाला, बसनं गेलो असतो." मग हात पुढे केला. "किल्ली."

"नाही," आर्लिसबाई म्हणाल्या आणि किल्ली त्यांनी खिशात घातली. डोळे पुसले ते मात्र नंतर, ट्रकच्या आरशात बघून.

व्हर्नर वाचले. चौथ्या दिवशी दुखणं विचारलं तर म्हणाले, "दोन."

मला वीसपैकी सोळा मिळाले. दोन गुण अक्षराच्या आकाराचे गेले, दोन चाकांचे. शेऱ्याच्या रकान्यात डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'वाईट नाही.' अकराच दिवसांत बिचारे आमची सर्वोच्च स्तुती शिकले होते. सोमवारपासून इस्पितळाच्या अर्जात नवा रकानाही आला: 'गाडी कोणी चालवली? (स्वतः / पत्नीने / पत्नीने, आणि रुग्ण गप्प होता.) शेवटचं असल्यास धावा.'

आता तुमच्याकडे वळते. बरे आहात ना? "मला काय धाड भरलीये" म्हणालात. लिहून घेतलं: 'वाचक सर्व काही नाकारतो.' हसल्याचंही नाकारा, हरकत नाही. मी फक्त तुमच्या घरच्यांना विचारून येते, किल्ली सध्या कोणाकडे असते.